मशीनने घातलेलं गाऱ्हाणं

मी तयार केलेला पहिला 'आ' ओकारी काढल्यासारखा होता. कॉलेजच्या लॅबमध्ये, दुपारच्या सुट्टीत, तो स्पीकरमधून बाहेर पडला तेव्हा शेजारच्या बाकावर डबा खात बसलेल्या मैत्रिणीने झाकण लावून टाकलं. "जेवतेय गं मी," ती म्हणाली. मी सॉरी म्हटलं आणि आवाज बंद केला. पण किळस तिच्यापेक्षा मलाच जास्त आली होती. का, ते मला तिला सांगता आलं नाही. आताही नीट सांगता येईल की नाही माहीत नाही, पण प्रयत्न करते.

सिंथेसायझरकडून माणसासारखं बोलवून घ्यायचं, हा माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. सोपे विषय आधीच गेले होते. रेघेवरून चालणारा रोबो, आपोआप पाणी घालणारी कुंडी, सगळं वाटून झाल्यावर मॅडमनी यादीतलं उरलेलं माझ्यापुढे सरकवलं. मी हो म्हटलं. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, त्यामुळे कुठल्या गोष्टीला नाही म्हणता येतं हे मला फार उशिरा कळलं.

माणसाच्या गळ्यात नुसती एक गुणगुण असते, अडकलेल्या माशीसारखी. तिला जीभ, टाळू आणि ओठ आकार देतात आणि मग तिचा शब्द होतो. मशीनमध्ये गुणगुण तयार करणं अगदी सोपं. त्या गुणगुणीतले काही सूर दाबायचे आणि काही वर काढायचे, की 'आ' होतो. थोडं बदललं की 'ई'. पण कुठले सूर वर काढायचे हे ठरवायला कुणाच्या तरी तोंडाचं माप लागतं. "माझ्यासमोर आ करून बस" असं कुणाला सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी माझ्याच तोंडाचं माप घेतलं. किळस आली ती यामुळे. तो 'आ' माझा होता. माझ्या टाळूचा, माझ्या दातांचा. आणि तो माझ्याबाहेर, टेबलावर पडून होता. कुणाची तरी कवळी कपातल्या पाण्यात पडलेली दिसावी तसं वाटलं.

आईला मी सांगितलं की मी मशीनला बोलायला शिकवते. आई म्हणाली, "आपल्या चाळीत बोलणाऱ्यांची काय कमी पडलीय?"

आमची चाळ लालबागला. खाली मैदान म्हणण्यासारखी एक जागा आहे, तिथे चाळीचा गणपती बसतो. लहानसा. बाहेरच्या रस्त्यावरून मोठ्या गणपतीची रांग जाते, तिला आमचा मंडप दिसतसुद्धा नाही. चाळीत बहुतेक सगळे कोकणातले. त्यामुळे पहिल्या दिवशी आरतीनंतर गाऱ्हाणं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एक माणूस नारळ हातात धरून देवासमोर उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. मालवणीत, ठरावीक चालीत. एकेक मागणं झालं की तो "रे म्हाराजा" म्हणून थांबतो, आणि मागे उभे असलेले सगळे एकसुरात "होय म्हाराजा" म्हणतात. त्या 'होय'शिवाय मागणं पुरं होत नाही.

गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरात होता. आधी आजोबा घालायचे, मग बाबा. बाबा कॉटन ग्रीनला एका गोदामात मुकादम आहेत. दिवसभर हमालांना ओरडून सांगायचं, वर गोणींची धूळ. घरात ते फार बोलत नाहीत. एखादं लग्न असलं तर कोपऱ्यातली खुर्ची बघून बसतात. पण वर्षातून एकदा, नारळ हातात आला की, ते वेगळे दिसायचे. "बा गणराया, ह्या चाळीतली तुजी लेकरां तुज्या पायाकडे उबी आसत. चुकला माकला पोटात घाल. जो आजारी आसा तेका उठवन बसव. जेचा लगीन ठरणा नाय तेचा ठरव. कोणाची वाकडी नजर पडली आसात तर ती आल्या वाटेक परत धाड रे म्हाराजा!" आणि पुढची गॅलरी, मागची गॅलरी, तिन्ही मजले: "होय म्हाराजा!"

त्या वर्षी श्रावणाच्या सुरुवातीला बाबांच्या आवाजाच्या पडद्यावरची गाठ काढली. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं, पण डॉक्टरांनी बजावलं की गणपती उलटेपर्यंत बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. बाबा चमच्याने स्टीलचा पेला वाजवून आम्हाला हाक मारू लागले आणि काही सांगायचं असलं की मोबाईलवर टाइप करून पुढे धरू लागले.

म्हणजे गाऱ्हाणं कोण घालणार, हा प्रश्न आला. त्यासाठी मंडळाच्या खोलीत मीटिंग झाली. मागच्या गॅलरीत एक काका राहतात, बसचे निवृत्त कंडक्टर. त्यांचा आवाज खरोखर चांगला आहे. ते म्हणाले, "ह्या वर्षी नारळ माझ्या हातात द्या. आजाऱ्याक त्रास कशाक?"

आमच्या पुढच्या गॅलरीतलं लगेच कुणीतरी म्हणालं, "आणि पुढल्या वर्षी परत देशाल?"

"तां पुढल्या वर्षी बघू."

"बघू म्हणजे काय? आताच सांगा."

बाबांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, 'एकदा गेला की गेला.' ते वाचून मला बाबांची फार दया आली. आमच्याकडे मान म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं. बारा बाय दहाची खोली, गोदामातली नोकरी आणि हा नारळ.

भांडण वाढत गेलं. कुणाच्या आजोबांनी पहिला मंडप घातला, कुणाच्या वडिलांनी मूर्ती डोक्यावरून आणली, सगळं निघालं. मध्येच दाराशी उभी असलेली शेजारची काकी म्हणाली, "अहो, ह्या पोरीला सगळं पाठ आहे. हीच म्हणू दे."

मंडळाचे अध्यक्ष हसले. त्यांच्या तोंडात पान होतं, हसताना ते त्यांनी हाताने सावरलं. "पोरगी? गाऱ्हाणं?" ते म्हणाले. बाकीचेही हसले. मीसुद्धा हसले, कारण काय करायचं ते सुचलं नाही.

तेव्हा आमच्या मजल्यावरचा बेंजोवाला दादा बोलला. तो बेंजो पथकात कीबोर्ड वाजवतो. लग्नाच्या वराती, हळदी, विसर्जन, सगळीकडे असतो. माझ्या प्रोजेक्टसाठी त्याचा जुना सिंथेसायझर मी मागून आणला होता. "मग हिच्या मशीनला बोलू दे ना," तो म्हणाला. "मशीनला गॅलरी नाय."

तो गंमत करत होता. पण अध्यक्षांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात ढकललं. "आयडिया वाईट नाय हां," ते म्हणाले. "हटके होईल. काय हो, मागची गॅलरी?" कंडक्टर काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "त्यांच्या घरात ऱ्हवणार नसात तर माझी हरकत नाय." आणि बाबा? बाबांनी जोरजोरात मान हलवली. त्यांचा हिशेब मला दिसत होता. माणसाने एकदा नारळ घेतला की तो परत देत नाही. मशीन परत देईल.

अशा रीतीने माझा प्रोजेक्ट गाऱ्हाणं घालायला लागला.

कॉलेजातून आले की मी खोलीत सिंथेसायझर जमिनीवर मांडायचे, त्याला माझा लॅपटॉप जोडायचे आणि बाबा समोर मांडी घालून बसायचे. चाल ते चमच्याने पेल्यावर वाजवून दाखवायचे. इथे चढ, इथे थांब, इथे श्वास. मी त्याप्रमाणे सूर वरखाली करायचे. स्वर जमले होते. व्यंजनांनी जीव खाल्ला. 'ह' म्हणजे नुसती हवा, ते जमलं. 'म' म्हणजे ओठ मिटून गुणगुण, तेही जमलं. पण 'र' काही केल्या येईना. कधी चूळ भरल्यासारखा यायचा, कधी घशात कफ अडकल्यासारखा. 'ळ' तर इतका ओला यायचा की आई स्वयंपाकाच्या ओट्यावरून म्हणायची, "शी, बंद कर गं ते. भातात थुंकतंय कोणी असं वाटतं." आई बरोबर बोलत होती. मशीन जितकं माणसाच्या जवळ येत होतं तितकं घाणेरडं होत होतं. नुसती पिपाणी असताना त्याचं काही वाटत नव्हतं. शब्दांच्या जवळ आलं आणि त्याला लाळ सुटल्यासारखी झाली.

एका दुपारी मी व्यंजनं सगळी काढून टाकली. नुसती चाल नीट बसतेय का ते बघायचं होतं. एकही शब्द नव्हता त्यात. "आं आंआं आं आंआंआं" असं वर जाऊन खाली उतरणारं रेकणं. शेवटी 'रे म्हाराजा'च्या जागी तीन हेलकावे आणि मग शांतता.

बाहेर गॅलरीत चार-पाच बायका मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "होय म्हाराजा!"

बाबा हसू लागले. आवाज काढायचा नव्हता म्हणून नुसते खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं. त्यांना फार आनंद झाला होता. मी मात्र दारात जाऊन विचारलं, "काकी, 'होय' कशाला म्हणालात?"

"गाऱ्हाण्याक."

"पण त्यात काय मागितलं?"

"काय नेमीचाच असतला," ती म्हणाली आणि मेथीची जुडी झटकली.

मी हे बेंजोवाल्या दादाला सांगितलं, तसं त्याला ऊतच आला. दुसऱ्या दिवशी मंडपात तालमीच्या वेळी त्याने माझ्या लॅपटॉपवर स्वतःच शब्द भरले. मशीन त्या लाळेच्या आवाजात म्हणालं, "बा गणराया, अध्यक्षांचा पोट आत जाव दे, सकाळी नळाक पाणी येव दे, नाय इला तरी बिनआंघोळीचा पाप लागाक नको रे म्हाराजा!" आणि मंडप सजवणारे सगळे, थर्माकोल कापता कापता, "होय म्हाराजा!" अध्यक्षसुद्धा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं. "कोण रे मेल्या तो?" सगळे पोट धरधरून हसले. दादा मला म्हणाला, "बघ, तू उगाच 'र'च्या मागे लागलीस. ह्यांना काय पण चालतं."

मीही हसले असते. पण मला सारखं वाटत होतं की बाबा इतकी वर्षं घसा फोडून जे मागत होते, तेही कुणी ऐकलं नसेल. हे मी बाबांना विचारलं नाही. त्या दिवसांत त्यांना उत्तर मोबाईलवर टाइप करून द्यावं लागलं असतं, आणि नंतर विचारायची हिंमत झाली नाही.

अध्यक्षांनी एक सूचना केली. "बाईमाणूस बोलल्यासारखं वाटतं. जरा पुरुषी कर." स्वर माझ्या तोंडाच्या मापाचे होते, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सूर खाली उतरवला. तोंड माझंच राहिलं, त्याच्याखाली कुणा दुसऱ्याचा घसा आला. ऐकून अध्यक्षांनी अंगठा दाखवला. "आता कसं, एकदम वजनदार!" मुलीने गाऱ्हाणं घातलेलं चालत नव्हतं, पण मुलीचं तोंड कापून पुरुषाच्या गळ्यावर बसवलं तर चालत होतं. हे वाक्य तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त घरी जाऊन दात घासले. दुपारची वेळ होती, आईने विचारलंही, "आता गं काय खाल्लंस?"

पहिल्या दिवशी सिंथेसायझर एका स्टुलावर, लाल कापडावर ठेवला. दसऱ्याला आम्ही शिवणयंत्राला वाहतो तसं कुणीतरी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. नारळ त्याच्यापुढे ठेवला. बाबा पहिल्या ओळीत इस्त्रीचा सदरा घालून हात जोडून उभे होते. गाऱ्हाणं सुरू झालं. बाबांनी पेल्यावर वाजवलेली प्रत्येक थांबण्याची जागा मी जशीच्या तशी ठेवली होती. प्रत्येक जागी सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. सर्वांत मोठा आवाज कंडक्टर काकांचा होता. नारळ त्यांना मिळाला नव्हता, पण बाबांनाही मिळाला नव्हता, त्यामुळे ते प्रसन्न दिसत होते. निम्म्या लोकांचे हात जोडलेले नव्हते, कारण हातांत मोबाईल होते. संपल्यावर टाळ्या पडल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या पडलेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या. अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चाळीचं नाव काढलंस!" त्यांच्या पानाचा एक लाल थेंब माझ्या ओढणीवर पडला. तो धुऊन गेला नाही.

नंतर ते गाऱ्हाणं पसरलं. कुणीतरी त्याचं रील केलं. त्यात मधल्या थांबण्याच्या जागा कापून टाकल्या, म्हणजे झटपट होईल म्हणून. दुसऱ्या कुणीतरी त्याखाली ढोल घातले. विसर्जनाला बेंजो पथकानेच ते वाजवलं. वाकडी नजर आल्या वाटेला परत जाऊ दे, या मागण्यावर बनियन काढून डोक्याभोवती फिरवणारी माणसं मी पाहिली. आजारी माणसाला उठवून बसव, यावर शिट्ट्या पडल्या. दादाने गाडीवरून मला ओरडून सांगितलं, "तुझं गाणं हिट्ट झालं गं!" त्याला खरोखरच आनंद झाला होता. त्याच्यावर राग धरता येत नाही, तरी पुढे बरेच दिवस मी जिन्यात तो दिसला की खाली बघून जायचे.

दिवाळीच्या सुमारास आईबरोबर दादरच्या फुलबाजारात गेले होते. एका फुलवाल्याचा फोन वाजला. कुजलेल्या पाकळ्यांच्या चिखलात उभी होते आणि फुलवाल्याच्या खिशातून माझा 'आ' बाहेर आला. त्याने तो बराच वेळ वाजू दिला, दोन्ही हातांनी शेवंती मोजत. आई म्हणाली, "अगं, तुझंच ना हे?" तिला अभिमान वाटला असावा. मी म्हटलं, "चल इथून." तोंडात पाणी सुटलं होतं, उलटीच्या आधी सुटतं तसं.

प्रोजेक्टला चांगले गुण मिळाले. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "व्हेरी नॅचरल." मी थँक यू सर म्हटलं. आमच्या घरातली पहिली पदवी, म्हणून आईने चाळीत पेढे वाटले. पुढचं शिकायला मी त्याच कॉलेजात राहिले. सिंथेसायझर दादाला परत दिला.

बाबांचा आवाज परत आला. थोडा जाड, थोडा खरखरीत, पण आला. उन्हाळ्यापासून ते तयारीला लागले होते. सकाळी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, रात्री गरम पाणी. गोदामातून येताना मोकळ्या रस्त्यावर गाऱ्हाणं म्हणून बघायचे, असं त्यांच्याबरोबर येणाऱ्या हमालाने आईला सांगितलं. घरी म्हणायचे नाहीत. घरी फक्त एकदा विचारलं, "माजो आवाज पयल्यासारखो लागता काय गो?"

"चांगला लागतो, बाबा," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. त्या खरखरीमध्ये माणूस होता.

पुढच्या गणपतीच्या मीटिंगला मी मुद्दाम गेले. बाबा खुर्चीच्या कडेला बसले होते. अध्यक्षांनी वर्गणी, मंडप, लाइट सगळं उरकलं आणि शेवटी म्हणाले, "गाऱ्हाणं आपलं मशीनचं. गेल्या वर्षी मस्त झालं."

बाबा उभे राहिले. "माजो आवाज इलो आता," ते म्हणाले. "डॉक्टरान सांगल्यान, काय हरकत नाय."

"अरे वा, बरं झालं!" अध्यक्ष म्हणाले.

कंडक्टर काकांनी घसा साफ केला. "ते घालतले तर मग ह्या वर्षी आमका पण संधी व्हई. मान रिकामो झालो होतो. आता परत पयल्यापासून ठरवक व्हयो."

"रिकामा कसा?" मी म्हटलं. मीटिंगमध्ये मी पहिल्यांदाच बोलत होते. "बाबा आजारी होते म्हणूनच मशीन आणलं ना? ते बाबांच्या जागी होतं."

"तसा खंय ठरलेला?" काका म्हणाले.

"बघा, परत सुरू झालं," अध्यक्ष कंटाळून म्हणाले. "मशीन होतं तर शांतता होती."

"मशीन नाही आता," मी म्हटलं. "सिंथेसायझर परत केला. प्रोग्रॅमही काढून टाकला." प्रोग्रॅम मी खरंच काढून टाकला होता.

"अगं, मोबाईलमध्ये आहे ना!" अध्यक्षांनी खिशातून फोन काढला आणि लगेच लावलं. थांबण्याच्या जागा कापलेलं तेच रील. खोलीतल्या माणसांनी, सवयीने, "होय म्हाराजा" म्हटलं. काही हसले. अध्यक्षांनी फोन रुमालाने पुसला. त्यावर त्यांचा घाम लागला होता. मग तोच रुमाल त्यांनी तोंडावरून फिरवला. मला तिथे बसवेना, पण बाबा उभे होते म्हणून मी बसून राहिले.

मग अध्यक्षांना तोडगा सुचला. त्यांना नेहमी तोडगे सुचतात. "असं करू. नारळ तुमच्याच हातात. मान तुमचाच. तुम्ही देवासमोर उभे राहा, तोंड हलवा, आवाज मोबाईलचा. लांबून बघणाऱ्याला वाटेल तुम्हीच बोलताय. काका, चालेल?"

काका म्हणाले, "बोलणार नसतीत तर चालात."

मला वाटलं बाबा निघून जातील. मी चप्पल शोधायला वाकलेसुद्धा. बाबा म्हणाले, "नारळ माज्या हातात ना?"

"तुमच्याच."

"मग झाला तर."

जिना चढताना मी म्हटलं, "बाबा, हे कशाला कबूल केलंत? तुमचा आवाज आहे आता."

"भांडान होतला गो. नारळ हातात आसा ना." ते एकेक पायरी चढत होते. "उद्या हो मोबाईल बंद पडलो की मगे मान आपलोच."

"तो बंद नाही पडणार, बाबा."



त्यानंतरच्या आठवड्यात मी कॉलेजातून लवकर आले तर बाबा घरात होते. भिंतीवरच्या आरशासमोर उभे. दादाकडून त्यांनी ते रील मोबाईलवर घेतलं होतं. ते लावून, हातात नारळाच्या जागी पाण्याचा तांब्या धरून, ते ओठ हलवत होते. जमलं नाही की थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. 'ळ'ला मशीन जसं ओलं व्हायचं तसे ते ओठ मुडपत होते. 'र'ला गाल फुगवत होते. माझ्या चुकलेल्या 'र'ला. ज्यांची चाल बघून मी ते मशीन घडवलं ते बाबा त्या मशीनची नक्कल करत होते आणि त्यांच्या तोंडावर माझं तोंड चढलं होतं. मी उंबऱ्यातूनच मागे फिरले आणि गॅलरीच्या टोकाला, जिथे सगळ्यांच्या कचऱ्याच्या बादल्या असतात, तिथे जाऊन उभी राहिले. त्या दिवशी तो वास मला बरा वाटला.

गणपतीच्या दिवशी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. मोबाईल मूर्तीच्या मागे माइकपाशी ठेवला होता. बाबा पुढे उभे, नवा सदरा, हातात शेंडीवाला नारळ. रील सुरू झालं आणि बाबांचे ओठ हलू लागले. गळ्याच्या शिरा ताणलेल्या, खरं म्हणताना ताणायच्या तशा. मध्ये कुठेच थांबायला जागा नव्हती. लोकांचं "होय म्हाराजा" पुढच्या मागण्यावर चढत होतं. कोण आजारी, कुणाचं लग्न, काही कळत नव्हतं. शेवटीशेवटी बाबांचा चेहरा लाल झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंडक्टर काकांनी पुढे येऊन बाबांशी हात मिळवला. "बरा झाला," ते म्हणाले. मी तोंड मिटून उभी होते. माझ्या शेजारी आईने "होय म्हाराजा" म्हटलं, दर वेळी, अगदी मनापासून.

नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे वाटले गेले. घरी आलो. बाबा खाटेवर टेकले, सदऱ्याची वरची बटणं सोडली. अजून धापा टाकत होते, पण खूश होते. आईने पंखा वाढवला. बाबांनी त्यांच्या वाटचं खोबरं मोडून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी ते तोंडात टाकलं.

"ओठ जुळले काय गो?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"फकस्त एक," ते म्हणाले. "पुढल्या वर्साक तुज्या मशीनीक 'रे म्हाराजा'च्या आदी वायच थांबाक सांग. माका दम घेवक गावणा नाय."

मी म्हटलं, "बघते." मग मोरीत गेले, नळ सोडला, आणि तोंडातलं खोबरं थुंकून टाकलं.